रविवारचा मासा, बुधवारचं कटलेट

डोंबिवलीत राहणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या एका नोकरदार वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे मासा जिवाभावाचा. दर रविवारी नवरा बाजारातून सुरमई किंवा बांगडा आणतो आणि नेहमी जरा जास्तच आणतो. जेवणं झाली की तळलेल्या चार-पाच तुकड्या आणि कालवणातलं थोडंफार उरतं. सासूबाईंचा सोमवार असतो, मंगळवारी गणपतीचा वार म्हणून घरात मासळी होत नाही. म्हणून उरलेला मासा थेट बुधवारी फ्रीजमधून बाहेर निघतो. संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरून, घरी पोचून त्या कटलेट करायला घेतात आणि ती तव्यावर फुटतात. मुलगा काट्यांना घाबरतो, मुलगी नाक मुरडते, आणि सासूबाई म्हणतात, "शिळ्या माशाचं मुलांना कशाला घालतेस?" दिरांनी दुबईहून आणलेले ट्यूनाचे डबे कपाटात तसेच आहेत, कारण डब्यातला मासा हा मासाच नव्हे असं त्यांना स्वतःलाच वाटतं. त्या विचारतात, "आईसारखा ताज्या मासळीचा स्वयंपाक मधल्या वारी जमत नाही म्हणून मी हे करते. हा माझा आळस आहे का? आणि कटलेट फुटू नयेत म्हणून काय करू?"

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: पाणी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितेच. पण पहिला प्रश्न तुम्ही ज्या शब्दांत विचारलात, त्याने मला थांबवलं. दिवसभर नोकरी करून, लोकलची गर्दी सोसून घरी आलेली बाई साडेसातला उभी राहून माशाचे काटे काढते आणि वर स्वतःलाच आळशी म्हणते, हे मला पटत नाही. शिवाय तुम्ही तुलना आईशी करताय. वेंगुर्ल्यात मासळी दारात येते, सकाळी घेतलेला बांगडा दुपारी ताटात असतो. तो स्वयंपाक त्या गावाच्या दिवसाला धरून होता. डोंबिवलीचा दिवस वेगळा आहे आणि त्याला धरून स्वयंपाक बसवण्यात आईचा काही अपमान नाही.

आणि माहेरचंच आठवून पाहा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं दुसऱ्या दिवशी मुरल्यावर जास्त चांगलं लागतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यासाठी सुकट, सोडे, सुके बोंबील भरून ठेवणाऱ्या घरातून तुम्ही आला आहात. राखून ठेवलेला मासा आपल्याकडे कधीच हलका नव्हता. कटलेट तर उरल्यासुरल्याला सोयीचा पदार्थ आहे. पोर्तुगालमध्ये खारवून वाळवलेला कॉड मासा भिजवून, बटाट्यात मिसळून तळतात आणि तो तिथला मानाचा पदार्थ आहे. इंग्लंडमधल्या घरांत कालचा मासा आणि कालचे बटाटे एकत्र करून हेच करतात. ताज्या, महागड्या सुरमईचं कटलेट करायला कुणी सांगितलं तर उलट मीच अडवेन. ती तुकडी तळूनच खावी.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मी बाजूला सारणार नाही, कारण त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे. रविवारी दुपारी शिजवलेला मासा बुधवारी रात्री म्हणजे तीन दिवसांहून जास्त झाले. शिजवलेला मासा फ्रीजमध्ये मी दोन दिवसांच्या वर ठेवायला सांगणार नाही, मुलांसाठी तर नाहीच. त्यातही बांगडा, तारली, कुपा अशा माशांची एक खास गोष्ट आहे. हे मासे उबेत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार होतं. ते एकदा तयार झालं की उकळून, तळून किंवा गोठवून जात नाही. अशा माशाने चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं दुखतं, आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. म्हणजे "पुन्हा चांगलं तळलं की झालं" हा आपला भरवसा इथे उपयोगाचा नाही. मासा किती वेळ बाहेर राहिला, यावर सगळं अवलंबून आहे. रविवारी जेवणं लांबतात, गप्पा होतात, आणि कढई ओट्यावरच झाकून राहते. खरा धोका तिथे आहे. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर तासाभरात, उरलेला मासा फ्रीजमध्ये गेलाच पाहिजे.

म्हणून माझी मुख्य सूचना अशी आहे: कटलेट बुधवारी करू नका. रविवारीच करा, फ्रीझरमध्ये टाका आणि बुधवारी फक्त तळा.

यामुळे बऱ्याच गाठी एकदम सुटतात. मासा ताजा असतानाच गोठतो, त्यामुळे शिळ्याचा प्रश्न मिटतो. डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. सासूबाईंना ती तारीख वाचता आली की वादाला फारसं काही उरणार नाही. सोमवारी-मंगळवारी फ्रीजमध्ये मासळीची कढई दिसत नाही, वास नाही, कुणाला काही हलवावं लागत नाही. घट्ट झाकणाचा एक डबा फ्रीझरच्या तळाशी असतो, बस्स. आणि बुधवारी साडेसातला तुमच्यासमोर फक्त पंधरा-वीस मिनिटांचं काम उरतं.

पण मग रविवारी दुपारी हे सगळं कुणी करायचं? तुम्हीच, असं तुम्ही गृहीत धरलं असणार. मी धरत नाही. मासा जास्त आणण्याची हौस तुमच्या यजमानांची आहे, तर उरलेल्या माशाचे काटे काढणं हे त्यांचंच काम असावं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याला स्वयंपाक यावा लागत नाही. फक्त ते जेवणानंतर लगेच, मासा कोमट असतानाच करायला हवं. कोमट असताना सुरमईच्या तुकडीचे मधल्या गोल मणक्याभोवतीचे चारही भाग बोटाने सहज सुटतात. बांगड्याचा मधला काटा शेपटीकडून धरून उचलला की अख्खा निघतो, मग उरतात ते पोटाकडचे केसासारखे आणि बाजूच्या रेषेतले बारीक काटे. फ्रीजमध्ये गार झालेला मासा घट्ट होतो आणि काटे त्यात दडून बसतात. तुमच्या मुलाला घाबरवणारा काटा बहुतेक असाच, बुधवारी घाईत काढलेल्या गार माशात राहिलेला असणार.

काट्यांची खात्री करायची एक साधी रीत आहे. स्टीलचं मोठं ताट घ्या, ट्यूबलाइटखाली बसा, आणि काटे काढलेला मासा चिमटी-चिमटीने त्या ताटावर बोटाने दाबत पसरवत जा. मऊ मासा गुपचूप पसरतो. काटा असला तर बोटाला टोचतो किंवा ताटावर घासून बारीक आवाज करतो. मुलाला शेजारी बसवा आणि तो आवाज ऐकायला सांगा. काटे कसे शोधतात हे डोळ्यांनी पाहिलं की भीती कमी होते, निदान आपल्या घरच्या कटलेटची तरी. रोहू किंवा कटला आणणाऱ्या वाचकांना मात्र सांगते, त्यांतले दुहेरी फाट्याचे बारीक काटे मांसात विखुरलेले असतात. ते काढायला तिप्पट वेळ लागतो, लहान मुलांसाठी तो खटाटोप करू नका. बोंबलाचंही कटलेट होत नाही, त्यात पाणी फार.

पाण्यावर आलेच आहे, तर आता फुटण्याबद्दल.

तुम्ही लिहिलंय की कटलेट सैल वाटलं की तुम्ही आणखी कॉर्नफ्लोअर घालता. त्याने वरवर घट्टपणा येतो, पण खाताना कटलेट चिकट लागतं आणि माशाची चव मागे पडते. मुलगी नाक मुरडते त्यामागे हेही असू शकेल. पीठ वाढवण्याऐवजी पाणी कमी करा. पाणी तीन ठिकाणांहून येतं. पहिला बटाटा. चिरून पाण्यात उकडलेला बटाटा पाणी पितो. सालासकट अख्खा बटाटा कुकरच्या आतल्या भांड्यात पाणी न घालता, वाफेवर शिजवा, सोला आणि पूर्ण गार होऊ द्या. आदल्या दिवशी उकडून फ्रीजमध्ये ठेवलेला बटाटा तर याहून चांगला, कारण गार झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो. तो किसा, मिक्सरला लावू नका. मिक्सरमध्ये बटाट्याची खळ होते. दुसरं, कालवणातला मासा. त्याचा रस पुसून काढा, मग मासा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. वाफ निघायची थांबली की उतरवा. तिसरा, कच्चा कांदा. मीठ लागलं की कांद्याला पाणी सुटतं, आणि कटलेट वळून ठेवली की ती आतल्या आत भिजत जातात. कांदा बारीक चिरून, थोड्या तेलात गुलाबी परतून, गार करून घाला. कच्च्या कांद्याची चव आवडत असेल तर तो ताटात घ्या.

प्रमाण साधारण असं धरा: काटे काढलेला मासा सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम, म्हणजे सुरमईच्या चार मध्यम तुकड्या. दोन मध्यम बटाटे, दोनशे ग्रॅमच्या आसपास. एक छोटा कांदा, आलं-लसूण-हिरवी मिरची वाटून दोन चमचे, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. याची आठ-दहा कटलेट होतात. तळलेल्या तुकड्यांना मीठ-मसाला आधीच असतो, त्यामुळे मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखूनच घाला. मासा शिजलेला आहे, चाखायला हरकत नाही. तुकड्यांवरचं रव्याचं तळलेलं आवरण काढून टाकू नका, तेही कुस्करून आत घाला. ते उरलेली ओल शोषतं आणि आयता मसाला देतं. तरी मिश्रण हाताला लागत असेल, तर दोन-तीन चमचे पोहे कोरडेच मिक्सरमधून काढून मिसळा आणि दहा मिनिटं थांबा. पोह्यांना स्वतःची चव जवळजवळ नसते, म्हणून मला ते ब्रेडच्या चुऱ्याहून जास्त आवडतात. ब्रेडच्या कडा उरल्या असतील तर त्याही चालतील, विकतचा चुरा आणायची काहीच गरज नाही. अंडं मी घालत नाही. मिश्रण कोरडं असेल तर लागत नाही आणि सैल असेल तर त्याने आणखी सैल होतं.

कटलेट चपटी वळा, दीड सेंटिमीटरहून जाड नको. जाड कटलेट आतून गार राहतं आणि उलटताना मधूनच दुभंगतं. रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं घेऊन त्यात दोन्ही बाजूंनी घोळवा, ताटात एकमेकांना न चिकटवता मांडा आणि ताट फ्रीझरमध्ये ठेवा. दोन तासांत कडक होतात, मग डब्यात भरा. महिनाभरात संपवा, चव त्यानंतर उतरत जाते. ज्यांच्याकडे वारांची अडचण नाही आणि ज्यांना दुसऱ्याच दिवशी तळायची आहेत, त्यांनी वळलेली कटलेट निदान अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग तव्यावर टाकावीत.

बुधवारी बिडाचा तवा चांगला तापवा, तीन-चार चमचे तेल सोडा, आणि फ्रीझरमधली कटलेट तशीच, न वितळवता मांडा. आच मध्यमहून कमी करा आणि तीन-चार मिनिटं झाकण ठेवा. मग झाकण काढून आणखी दोन-तीन मिनिटं हात लावू नका. तुमची कटलेट फुटण्याचं उरलेलं कारण इथेच आहे, असं मला वाटतं: ती लवकर उलटली जातात. खालची बाजू तयार झाली की कटलेट स्वतःहून तवा सोडतं. कड सोनेरी दिसते, तेलाचे बुडबुडे बारीक होतात, आणि उलथन्याने बाजूने हलकंच ढकललं की ते जागेवरून सरकतं. सरकलं नाही तर अजून वेळ आहे. उलटल्यावर दुसरी बाजू पाच-सहा मिनिटं. पहिलं कटलेट मोडून पाहा, मधून वाफ आली पाहिजे.

या पंधरा मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर वरण-भात होतो. कटलेट, वरण-भात, लिंबू आणि सोलकढी, एवढ्यावर बुधवारचं जेवण पूर्ण आहे. त्यात भाजी-पोळी-कोशिंबीर नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका.

ट्यूनाच्या डब्यांबद्दल. ते कपाटात ठेवून तुम्ही एक चांगली सोय वाया घालवताय. डब्यातला ट्यूना म्हणजे कुप्याच्याच कुळातला मासा. तो डब्यात सीलबंद करून शिजवलेला असतो, काटे काढलेला असतो, आणि डबा फुगलेला किंवा चेपलेला नसेल तर तारखेपर्यंत बिनधास्त टिकतो. कालवणात तो मुळीच चांगला लागणार नाही, हे मान्य. पण कटलेटमध्ये तो शोभतो. १८५ ग्रॅमच्या डब्यातून तेल किंवा पाणी निथळल्यावर साधारण १३० ग्रॅम मासा हाती येतो, म्हणून एवढ्या बटाट्यांना दोन डबे लागतील, किंवा रविवारचा मासा कमी उरला तर एक डबा त्याच्या जोडीला. पाण्यातला ट्यूना मुठीत घट्ट पिळून घ्या. तो फिका असतो, त्यामुळे त्याला मालवणी मसाला चमचाभर आणि लिंबू थोडं जास्त लागतं. उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. उरलेला मासा काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा आणि दोन दिवसांत संपवा. परदेशातल्या वाचकांना डब्यातले साल्मन आणि सार्डिन सहज मिळतात. त्यांतले काटे शिजून इतके मऊ झालेले असतात की ते बोटांनी चुरडून मिश्रणात घालता येतात, आणि कॅल्शियमही पोटात जातं.

बटाटे नसतील तर उकडलेलं कच्चं केळं तितकंच चांगलं काम देतं. उरलेला भातही चालतो, दोन चमचे भाजलेलं बेसन घालून मळून घ्यायचा. पण भाताला माशाचाच नियम लावा: शिजल्यावर तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी वापरून मोकळं. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात असं विष तयार होऊ शकतं, जे पुन्हा गरम केल्याने जात नाही.

आणि पावसाळ्यात? पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बाजारातली मासळी तेव्हा महाग आणि बर्फातली असते. त्या दोन महिन्यांत रविवारी काही उरणारच नाही. तेव्हा वेंगुर्ल्याहून आलेला सुका जवळा काढा. तो चाळून, कोरडा भाजून, दोनदा धुऊन घट्ट पिळा. भरपूर चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, दोन आमसुलं बारीक चिरून, आणि जेमतेम मिळून येईल इतकं बेसन व तांदळाचं पीठ घालून तव्यावर चपटे वडे लावा. बटाटा नको, काट्यांची भानगड नाही, अर्ध्या तासात ताटात. वास घरभर होतो, म्हणून वार बघून करा.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, त्यामुळे मीही जपूनच लिहिते. तेरा वर्षांच्या मुलीला कालचा मासा आवडत नसेल तर तिच्यावर सक्ती करू नका. तिला विचारा, मसाला कुठला घालू, आकार कसा हवा, पावात घालून देऊ का. हिरवी चटणी लावलेल्या पावात कांद्याच्या चकत्यांबरोबर तेच कटलेट मुलं वेगळ्या मनाने खातात. तरीही नको म्हणाली तर वरण-भात आहेच. शाळेच्या डब्यात मात्र ही कटलेट देऊ नका. सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत दप्तरात, उन्हात असतो, आणि माशाला ते सोसत नाही.

शेवटचं, एखाद्या बुधवारसाठी. सगळं सांगितल्यासारखं करूनही पहिलं कटलेट तव्यावर पसरलंच, तर बाकीची जपून उलटत बसू नका. रात्रीचे साडेआठ झालेले असतात. सगळी कटलेट तव्यावर घाला, कडेने चमचाभर तेल सोडा, उलथन्याने मोडत मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं परता, जागोजागी खरपूस होऊ द्या, वरून लिंबू पिळा. हा माशाचा खिमा झाला. पाव भाजा आणि वाढा.